गनिमाशी गट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेत असताना गॅदरिंगमधली माझी भूमिका वर्ष सुरू होण्याआधीच ठरलेली असायची. अफझलखान. फारच बदल करायचा झाला तर शाहिस्तेखान. एखाद्या वर्षी बोटं तुटायची, बाकीच्या वर्षी पोट फाटायचं. गुरुजींचा त्यात काही वाईट हेतू होता असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. वर्गात तसं नाव असलेला मी एकटाच, आवाज घोगरा, उंचीही बरी. त्यांचं काम सोपं होत होतं. अम्मीनं काळ्या लोकरीची दाढी करून दिली होती, ती चार वर्षं पुरली.

त्यातल्या एका वर्षी मी रीतसर मरून पडद्यामागे आलो, तर तिथे पहिलीतली एक चिमुरडी उभी होती. जिजाऊ झालेल्या मुलीची धाकटी बहीण. मला बघताच तिनं भोकाड पसरलं. काय करावं कळेना, म्हणून मी दाढी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, स्वतःच्या हनुवटीला लावली आणि मग मला विचारलं, "तू रोज मरतोस का?" म्हटलं, नाही, वर्षातून एकदाच. त्यावर तिनं फ्रॉकच्या खिशातून अर्धी खाल्लेली गुडदाणी काढून मला दिली. पुढे ती कुठेही भेटली की लांबूनच "ए खान" म्हणून हाक मारायची. त्या हाकेचा मला कधी राग आला नाही. तीच हाक दुसऱ्या कोणी मारली की यायचा.

'गनीम' हा शब्द मला तेव्हापासून जवळचा वाटतो. मूळचा अरबी, फारसीतून मराठीत आला. गंमत अशी, की मराठ्यांच्या कागदांत मोगल गनीम असतो आणि मोगलांच्या कागदांत मराठे गनीम असतात. शब्द तोच, फक्त बोटाची दिशा वेगळी.

आज मी ज्या गट्टीची गोष्ट सांगणार आहे, तिच्यातला गनीम मात्र नाटकातला नव्हता. तो नेपोलियन बोनापार्ट होता. आणि त्याच्याशी गट्टी करणारी होती तेराएक वर्षांची एक इंग्रज मुलगी, बेट्सी बाल्कम.

सेंट हेलेना हे बेट दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. आफ्रिकेचा किनारा तिथून सुमारे १,९०० किलोमीटर. क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात बसेल एवढं. तेव्हा ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं. हिंदुस्थानातून विलायतेला परतणारी जहाजं पाणी भरायला तिथे थांबत. बेट्सीचे वडील विल्यम बाल्कम कंपनीच्या नोकरीत होते. बेट्सी आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठी जेन या दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं होतं. १८१४ मध्ये त्या परत आल्या. घरात आईवडील, बहीण, लहान भाऊ, नोकरचाकर. तेव्हा बेट्सी एकटी होती असं म्हणताना मी जरा अडखळतो. पण त्या वयाचं एकटेपण घरातल्या माणसांच्या संख्येवर मोजता येत नाही. इंग्लंडमधली शाळा, मैत्रिणी, गजबज सुटलेली, आणि भोवती सगळीकडे पाणी. त्यात पोरगी वांड. वडील शिक्षा म्हणून तिला तळघरात कोंडत आणि तिथे उंदीर होते.

त्या काळी इंग्लंडमध्ये मुलांना घाबरवायला बागुलबुवाची गरज नव्हती. बोनी होता. झोप, नाहीतर बोनी येईल. जेव, नाहीतर बोनी खाईल. बेट्सीनं पुढे लिहून ठेवलं आहे, की तिच्या डोळ्यांपुढचा नेपोलियन म्हणजे कपाळावर एकच लालभडक डोळा असलेला, सुळेवाला राक्षस होता, आणि अभ्यास न करणाऱ्या मुली तो फाडून खात असे. हा राक्षस १५ ऑक्टोबर १८१५ रोजी 'नॉर्दम्बरलंड' नावाच्या जहाजातून खरोखरच बेटाशी येऊन पोहोचला. वॉटर्लूची लढाई होऊन चार महिने होत होते. १७ तारखेच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर त्याला किनाऱ्यावर उतरवलं.

त्याच्यासाठी लाँगवूड नावाचं घर ठरलं होतं, पण त्याची डागडुजी व्हायची होती. दुसऱ्या दिवशी तो अॅडमिरल कोबर्नबरोबर घोड्यावरून ते घर पाहून परत येत होता. वाटेत त्याला दरीत एक बंगला दिसला. बाग, डाळिंबाची झाडं, द्राक्षांचा मांडव, जवळच बदामाच्या आकाराच्या कड्यावरून पडणारा धबधबा. हे ब्रायर्स, बाल्कम कुटुंबाचं घर. बागेत जरा बाजूला एक खोली होती, वर पोटमाळा. लाँगवूड तयार होईपर्यंत मी इथेच राहतो, असं तो म्हणाला आणि राहिलाही. काल युरोप ज्याला पुरत नव्हता, त्याचा संसार आता एका खोलीत मावला. पोटमाळ्यावर त्याचा सोबती लास काझ आणि त्या लास काझचा मुलगा.

या घराचा आणि आमच्या भागाचा एक धागा आहे. मी जालन्याकडचा. भोकरदन तालुक्यातलं असई हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानंच नेपोलियनला वॉटर्लूला हरवलं. १८०५ मध्ये हिंदुस्थानातून मायदेशी परतताना त्याचं जहाज सेंट हेलेनाला थांबलं आणि तो या ब्रायर्समध्ये राहिला होता. १८१६ मध्ये त्यानं पॅरिसहून अॅडमिरल पल्टनी माल्कमला पत्र लिहिलं. त्यात थट्टेनं निरोप आहे, की बोनीला सांगा, त्याचा पॅरिसमधला महाल मला छान सोयीचा पडतोय, माझी बाल्कमकडची जागा त्यालाही आवडत असेल. ज्याला हे पत्र गेलं, त्याचा सख्खा भाऊ जॉन माल्कम. दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला आणि महाबळेश्वरच्या माल्कमपेठेला ज्याचं नाव आहे, तोच हा. असईच्या नदीकाठी उभं राहिलं, तर सेंट हेलेना वाटतं तेवढं लांब नाही.

असो. बेट्सीकडे येऊ.

पहिल्या भेटीत ती भ्यायलेलीच होती. पण घरात त्यातल्या त्यात बरं फ्रेंच तिलाच येत होतं. नेपोलियनला इंग्रजी येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे बोलणं भाग पडलं. घरात दखनी, रस्त्यावर मराठी असं वाढलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. समोरच्याची भाषा येत असली, की त्याला राक्षस मानणं अवघड होऊन बसतं. त्यानं तिला देशांच्या राजधान्या विचारल्या. फ्रान्सची? पॅरिस. इटलीची? रोम. रशियाची आता पीटर्सबर्ग, पूर्वी मॉस्को, असं तिनं सांगितलं. त्यावर नजर रोखून त्यानं विचारलं, की मॉस्को जाळलं कोणी? पोरीची बोबडी वळली. ठाऊक नाही, म्हणाली. ठाऊक आहे तुला, मीच जाळलं, असं तो हसत म्हणाला. तेवढ्यानं तिला धीर आला. तिनं उत्तर दिलं, की फ्रेंचांना हाकलण्यासाठी रशियनांनीच जाळलं असं मी ऐकलंय. नेपोलियन खदखदून हसला. गट्टी तिथे जमली.

पुढचे साडेसात आठवडे म्हणजे नुसता धुमाकूळ. आंधळी कोशिंबीर खेळताना तो डोळ्यांवरच्या पट्टीखालून बघायचा. पत्त्यांत तर उघड उघड लबाडी करायचा आणि पकडला गेला की उलट तिच्यावरच आळ घ्यायचा. अॅडमिरलच्या नाचाला जाण्यासाठी तिनं पहिल्यांदाच शिवलेला पोशाख तिला दाखवायला सांगितला आणि घेऊन पसार झाला. ती रडकुंडीला आल्यावर, अगदी निघायच्या वेळी परत दिला. तिनंही उट्टं काढलं. एकदा त्यानं कौतुकानं आपली तलवार दाखवली, कासवाच्या पाठीचं म्यान, वर सोन्याच्या मधमाश्या. हिनं ती उपसली आणि गरगर फिरवत त्याला खोलीच्या कोपऱ्यात कोंडलं. देवाचं नाव घे म्हणाली. हात भरून आला तेव्हाच तलवार खाली आली. लास काझचा चेहरा तेव्हा काय झाला असेल! तो बिचारा सम्राटासमोर अदबीनं उभा राहणारा माणूस. नेपोलियननं मात्र तिचा कान पिरगाळण्यापलीकडे काही केलं नाही.

एक खेळणं होतं. शिडी चढणारा नेपोलियन. प्रत्येक पायरी म्हणजे एक देश. वर टोकाला पोहोचला की तो गडगडत खाली सेंट हेलेनावर पडायचा. बेट्सीनं ते त्यालाच नेऊन दाखवलं. याला आपण क्रूरपणा म्हणू शकतो. मला तो तसा वाटत नाही. त्याच्याभोवतीची मोठी माणसं दोनच प्रकारची होती. फ्रेंच होते ते त्याला अजून सम्राट म्हणत होते. इंग्रज होते ते मुद्दाम 'जनरल बोनापार्ट' म्हणत होते आणि दोन हजारांहून जास्त शिपाई त्याच्यावर पहारा देत होते. एक बाजू वाकलेली, दुसरी रोखलेली. त्याच्या पडण्याबद्दल त्याच्या तोंडावर हसून बोलणारं अख्ख्या बेटावर एवढं एकच माणूस होतं. आणि ती तळघरात कोंडली गेली की हाच सम्राट बाहेरच्या गजांशी येऊन तिच्या रडक्या चेहऱ्याची नक्कल करायचा. कोंडलेल्यांपैकी एक जण दुसऱ्याला वाकुल्या दाखवतोय, असं ते दृश्य. त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा साडेचार वर्षांचा होता, व्हिएन्नाला, आजोळी. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही.

बेट्सीचा धाकटा भाऊ अलेक्झांडर नेपोलियनच्या मांडीवर बसून त्याच्या पदकांशी खेळायचा. तेव्हाच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यावर 'ग्रेट मोगल'चं चित्र असे. एकदा या पठ्ठ्यानं ते चित्र त्याला दाखवून सांगितलं, बघ बोनी, हा तू! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून हसत बसलो. म्हणजे तिथेही गनीम दाखवायचा तर दाढी-पगडीवाला मोगलच. नेपोलियनच्या नोकरांत एक 'मामलुक अली' होता. हा अली व्हर्सायला जन्मलेला अस्सल फ्रेंच. लुई एत्येन सें-देनी त्याचं नाव. सम्राटाच्या तैनातीला एक मामलुक पाहिजे म्हणून त्याला तो पोशाख घातला होता. माझ्या लोकरीच्या दाढीचा भाऊबंदच म्हणायचा.

आता इथे जरा थांबायला हवं, नाहीतर नेपोलियन एक गोड काका होता अशी समजूत होईल. मार्च १७९९ मध्ये याफा जिंकल्यावर शरण आलेल्या हजारो कैद्यांना याच माणसाच्या हुकुमानं समुद्रकिनारी नेऊन मारलं. कैरोच्या अल-अझहर मशिदीत याच्या फौजेनं घोडे घातले. रशियाच्या बर्फात लाखो माणसं याच्या हट्टापायी गेली. राक्षसाच्या गोष्टी अगदीच हवेतून आल्या नव्हत्या. बेट्सीला यातलं किती कळत होतं? तिच्याच पुस्तकातून दिसतं, की तिनं त्याला याफाबद्दल ऐकलेलं विचारलं होतं. मोठ्यांनी विचारायचं टाळलं ते पोरीनं विचारलं.

आणि मग टोबी. ब्रायर्सच्या बागेत टोबी नावाचा म्हातारा मलायी माळी होता. गुलाम. फार वर्षांपूर्वी इंग्रज खलाशांनी त्याला पकडून आणून इथे विकलं होतं. बागेत त्याचीच सत्ता चाले. फळाला हात लावायचा तर टोबीची परवानगी. बेट्सीवर त्याची मर्जी होती. नेपोलियन फिरायला निघाला की त्याच्यापाशी थांबे, लास काझच्या मार्फत त्याच्या घरादाराची चौकशी करी. या म्हाताऱ्याला विकत घेऊन मोकळा करावा आणि त्याच्या देशी पाठवावा, अशी इच्छा त्यानं बाल्कमकडे बोलून दाखवली. ते झालं नाही. एप्रिल १८१६ मध्ये आलेले नवे गव्हर्नर हडसन लो यांना त्यात राजकारण दिसलं. बोनापार्टला एक टोबी नको आहे, बेटावरचे सगळे गुलाम त्याला आपल्या बाजूला वळवायचे आहेत, असा त्यांचा हिशेब.

लो यांना खलनायक करणं सोपं आहे, फ्रेंचांनी ते केलंही. पण याच लो यांनी पुढे १८१८च्या नाताळापासून बेटावर गुलामांच्या पोटी जन्मणारी मुलं स्वतंत्र धरली जातील, अशी व्यवस्था केली. आणि टोबीसाठी हळहळणाऱ्या नेपोलियननं? १८०२ मध्ये, म्हणजे बेट्सीच्या जन्मसालीच, फ्रेंच वसाहतींमधली गुलामी कायद्यानं पुन्हा चालू केली होती. एका टोबीजवळ थांबून विचारपूस करणारा तो आणि लाखो टोबींच्या पायात बेडी घालणारा तोही. मी कवी आहे, मला या दोघांना एका ओळीत बसवता आलेलं नाही.

१० डिसेंबर १८१५ रोजी तो लाँगवूडला गेला. बेट्सी रडली. त्यानंतर बाल्कम मंडळी त्याला भेटायला जात राहिली, पण आता परवाने, पहारे, वेळा. एकदा वडिलांनी शिक्षा म्हणून बेट्सीचं तट्टू शर्यतीच्या दिवशी दुसऱ्याला देऊन टाकलं. नेपोलियननं आपला घोडा पाठवला. झालं! त्यावरून वडिलांना गव्हर्नरची बोलणी खावी लागली. पोरीनं कैद्याच्या घोड्यावर बसणं म्हणजे शिस्तभंग. पुढे बाल्कम यांच्यावर नेपोलियनची गुप्त पत्रं आणि पैशाचे व्यवहार बाहेर पोहोचवल्याचा संशय आला. मार्च १८१८ मध्ये कुटुंबानं बेट सोडलं. निरोपाच्या वेळी नेपोलियननं समुद्राकडे बोट दाखवलं. तुम्ही त्या पाण्यावरून जाल आणि मी इथेच मरेन, अशा अर्थाचं बोलला. मग केस कापायला लावून बट काढून दिली. ५ मे १८२१ रोजी तो तिथेच गेला.

बेट्सीचं पुढचं आयुष्य खडतरच गेलं. लग्न केलं, नवरा सोडून गेला, पदरी एक मुलगी. वडिलांना न्यू साउथ वेल्सच्या खजिनदाराची नोकरी मिळाली तेव्हा त्यांच्याबरोबर सिडनीला गेली. १८२९ मध्ये वडील वारले. इंग्लंडला परतून संगीताच्या शिकवण्या केल्या. १८४४ मध्ये तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं. पैशाची गरज होती, आणि घडून गेल्याला पाव शतकाहून जास्त काळ लोटलेला. तेव्हा त्यातलं सगळंच तंतोतंत असेल असं मी धरत नाही. वयानुसार आठवणीही थोडा साज चढवतात. पण सम्राटाबद्दल खोटं सांगायचंच झालं, तर पत्त्यांत लबाडी करणारा सम्राट कोण कशाला रंगवेल?

नेपोलियनचा पुतण्या, तिसरा नेपोलियन, सत्तेवर आल्यावर त्यानं जुन्या मायेखातर बेट्सीला जमीन दिली. कुठे? अल्जीरियात. तिथल्या लोकांकडून बंदुकीच्या जोरावर घेतलेल्या मुलखात. देणाऱ्याचं काही गेलं नाही, आणि ज्यांची जमीन होती त्यांनी बेट्सीचं नावही ऐकलेलं नव्हतं. १८७१ मध्ये ती लंडनला वारली.

ब्रायर्सची ती खोली अजून आहे. बाल्कम घराण्यातल्याच मेबल ब्रुक्स या ऑस्ट्रेलियन बाईंनी ती विकत घेतली आणि १९५९ मध्ये फ्रान्सला देऊन टाकली. इंग्रजांच्या बेटावर आज ती फ्रेंच मालमत्ता आहे. आणि मोगलाचं चित्र दाखवणारा तो अलेक्झांडर मोठेपणी ऑस्ट्रेलियात मेंढपाळीत पडला. मेलबर्नजवळ माउंट मार्था इथल्या आपल्या वाडीला त्यानं नाव दिलं 'ब्रायर्स'. त्या घरात नेपोलियनच्या वस्तूंचा छोटा संग्रह होता. २०१४ मध्ये तिथे चोरी झाली. चोरांनी नेलेल्या चिजांमध्ये नेपोलियनचे केसही होते.